दार : शेवाळी

"ताई, तू परत डोळा मारलास."

"कुणाला?"

"समोरच्या इस्त्रीवाल्याला. बिचाऱ्याचा हात थांबला तिथल्या तिथे. आज कुणाचा तरी सदरा जळणार तुझ्यापायी."

रंगारीणबाई डोळा मारत नव्हत्या, पडताळा घेत होत्या. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला होता आणि तिथे नवं भिंग बसलं होतं. डावा डोळा अजून जुनाच. त्याचं महिन्याभराने बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. पट्टी सुटल्यापासून बाईंना एकच चाळा लागला होता. हा मिटायचा, तो उघडायचा. उजव्याने स्वयंपाकघराची भिंत पांढरीशुभ्र, डाव्याने तीच भिंत चहा सांडून पुसल्यासारखी. उजव्याने धाकटीचे मोजे निळे, डाव्याने काळे.

"हे मोजे निळे आहेत?"

"मग काय हिरवे?"

"मला वाटायचं काळे."

"चार वर्षं तू ते दोरीवर वाळत घालतेस, ताई."

धाकटी बहीण शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत मिळालं नाही तर तिला अन्न गोड लागत नसे. ती म्हणाली, "त्यात एवढं बघत बसण्यासारखं काय आहे? नवा डोळा खरा, जुना खोटा. विषय संपला."

"जुन्यावर मी साठ वर्षं काढलीत गं. त्याला एकदम खोटारडा कसं म्हणू?"

"म्हणू नकोस. पण खिडकीतून तरी बाजूला हो."

बाई बाजूला झाल्या आणि सरळ चपला शोधायला लागल्या. कामावर जायला आणखी आठ दिवस बंदी होती. धाकटीने डॉक्टरांचा कागद त्यांच्या नाकासमोर धरला. बाईंनी तो आधी उजव्या डोळ्याने वाचला, मग डाव्याने. "डाव्याला वाचता येत नाहीये," म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

रंगारीणबाई हे नाव फोटो स्टुडिओच्या मालकांनी ठेवलेलं. त्यांचं खरं नाव महिन्यातून एकदा, पगाराच्या सहीपुरतं लागायचं. काळ्या-पांढऱ्या फोटोला हाताने रंग चढवायचा, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. काडीला कापूस गुंडाळायचा, तैलरंगाचा मोहरीएवढा ठिपका उचलायचा आणि तो मॅट कागदावर इतका पातळ चोळायचा की खालची सावली दिसत राहिली पाहिजे. रंग जाड लागला की चेहऱ्याचा मुखवटा झालाच म्हणून समजा. कॉम्प्युटर हल्ली हे चार मिनिटांत करतो. मालकांनीही करून पाहिलं होतं. कॉम्प्युटरने एका आजोबांच्या मिशा जांभळ्या केल्या, आजोबांच्या तीन मुली काउंटरवर उभ्या राहून पाऊण तास भांडल्या, आणि त्या दिवसापासून जुना फोटो आला की मालक न बोलता मागच्या खोलीकडे बोट दाखवायचे.

मागच्या खोलीत एक खिडकी, एक टेबल आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. रंगवायच्या आधी बाई त्या स्टुलावर माणसाला बसवायच्या आणि उलटतपासणी घ्यायच्या.

"आईच्या झग्याचा रंग?"

"नाही आठवत हो. मी पाच वर्षांची होते."

"बरं. ती त्याला हात पुसायची?"

"सारखी!"

"डाग दिसायचे?"

"छे. म्हणून तर तोच घालायची कामाला."

"मग गडद असणार. काळा?"

"काळा नाही… तपकिरी. तपकिरी! अगंबाई, तपकिरीच. तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठे कळलं? तुम्हीच सांगितलंत."

मग बाई तो रंग फोटोच्या पाकिटावर लिहायच्या. झगा : तपकिरी. रिबीन : लाल, विटलेली. बूट : थोरल्या भावाचे, काळे. हे पाकीट बाईंशिवाय कुणी वाचायचं नाही. मालकांचा ठरलेला मंत्र होता, "पाकीट तुमचं, पावती माझी." रंगवून झालं की फोटो गिऱ्हाइकाच्या हाती आणि पाकीट बाईंच्या खणात. एकतीस वर्षं हे असंच चालत आलं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

त्या सकाळी बाई स्टुडिओच्या दारातच थबकल्या. दर्शनी काचेच्या कपाटात त्यांच्या कामाचे नमुने लावलेले असायचे, जुने डावीकडे, नवे उजवीकडे. डावीकडचे फोटो ठीक होते. उजवीकडचे मात्र कुणीतरी निळीच्या पाण्यात बुचकळून वाळत घातले होते. आकाश निळं, ते एक समजू शकतो. पण कोट निळा, डोंगर निळा, बाकडं निळं, कुत्र्याची सावलीसुद्धा निळी.

बाईंनी उजवा डोळा मिटला. डाव्या डोळ्याला सगळं जागच्या जागी दिसलं. कोट राखाडी, डोंगर हिरवट, बाकडं खाकी. उजवा उघडला. निळीची बादली परत उपडी झाली.

"मालक! अहो मालक!"

"बाई? तुम्ही आजारी आहात ना?"

"ते असू दे. हा कोट तुम्हाला कुठल्या रंगाचा दिसतो?"

"निळा."

"मी राखाडी रंगवला होता."

"निळा आहे, बाई."

"आणि हे तुम्हाला किती दिवस दिसतंय?"

मालकांनी डोकं खाजवलं. "झाली असतील दोनेक वर्षं."

"दोन वर्षं तुमच्या डोळ्यांदेखत मी सगळ्यांना निळं करत सुटले आणि तुम्ही तोंडातून ब्र काढला नाहीत?"

"मला काय ठाऊक तुमच्या पाकिटात काय लिहिलंय? म्हटलं, गिऱ्हाइकानेच निळा सांगितला असेल. आणि खरं सांगू? बरं दिसत होतं. चार जण म्हणाले, हल्ली तुमच्याकडचे फोटो किती टवटवीत असतात!"

बाई मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसल्या, गिऱ्हाइकाच्या. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांना आता कळलं. डोळ्यात पिवळट तपकिरी पडदा हळूहळू जमत गेला होता, इतका हळू की त्यांना पत्ताच लागला नाही. त्या पडद्यातून निळा रंग मळका दिसायचा, हिरवट राखाडी. म्हणजे शेवाळी रंग करायला बसलं, की समोर शेवाळी दिसेपर्यंत त्या त्यात निळा ओतत राहणार. बाईंच्या डोळ्यात शेवाळी आणि जगाच्या डोळ्यात निळा.

त्यांनी खण उघडला आणि दोन वर्षांची पाकिटं टेबलावर मांडली. शेवाळी, राखाडी, खाकी असं ज्यांच्यावर लिहिलं होतं ती वेगळी काढली. अकरा निघाली.

मालक दाराला टेकून हे बघत होते. "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडू नका. अकरा जण परत आले तर? उद्या गावभर होईल की हिला रंगच दिसत नव्हते. तुमचंच नाव जाईल."

ते खोटं बोलत नव्हते. बाईंना हे कळत होतं आणि भीतीही वाटत होती. पण त्याहून मोठा एक किडा डोक्यात शिरून बसला होता. अकरा घरं. प्रत्येक घरातल्या माणसाने याच स्टुलावर बसून स्वतःच्या तोंडाने एक रंग सांगितला आणि भिंतीवर भलताच नेऊन टांगला. तरी एकाचीही तक्रार नाही. असं कसं? त्यांना दिसलं नाही? दिसलं आणि चाललं? की आणखीच काही झालं?

त्यांनी सगळ्यात जवळच्या घराचं पाकीट उचललं. वर त्यांच्याच अक्षरात होतं : निवृत्त बस ड्रायव्हर. लग्नानंतरचं पहिलं घर, दोघं दारात उभे. तिचा झगा : पांढरा. माझी पँट : काळी. दार : शेवाळी, मी स्वतः रंगवलेलं.

"कुठे निघालात?"

"नुसतं बघून येते."

"बघून या," मालक म्हणाले. "बोलून येऊ नका."

ड्रायव्हरचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार त्यांच्या बायकोने उघडलं. फोटो न्यायला दीड वर्षापूर्वी या वहिनीच आल्या होत्या, त्यामुळे त्यांनी बाईंना लगेच ओळखलं.

"अय्या, बाई तुम्ही! या ना. अहो, बघा कोण आलंय! फोटोवाल्या बाई! आठवतात का?"

"आठवतात," आतून आवाज आला. मग जरा थांबून, "बहुतेक."

बाई आत शिरल्या आणि त्यांची नजर आधी चिठ्ठ्यांवर गेली. घरभर चिठ्ठ्या. प्रत्येक डब्यावर, कपाटावर, बटणावर गोल गोल अक्षरात लिहिलेलं. साखर. मीठ. पंखा. हे औषध नाही. बाहेरच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठा कागद : चावी घेतली का? चष्मा घेतला का? गॅस बंद केला का? आणि त्याखाली, पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात : बायको घेतली का?

"ते यांनी लिहिलंय," वहिनी म्हणाल्या. "थट्टा सुचते. विसरायचं थांबत नाही आणि थट्टा सुचते."

ड्रायव्हर खिडकीशी खुर्चीत बसले होते. चाळीस वर्षं मोठं चाक फिरवलेले हात मांडीवर रिकामे पडले होते. फोटो त्यांच्या समोरच्याच भिंतीवर होता. छान चौकट, काच लख्ख पुसलेली. दोन तरुण माणसं उन्हाने डोळे बारीक करून उभी आणि त्यांच्या मागे दार. असं निळं, की दिवाळं निघालेल्या समुद्राने आपला सगळा रंग तिथे आणून ठेवावा.

"काय सुरेख रंगवलंत हो!" वहिनी म्हणाल्या. "येणारा प्रत्येक जण आधी दाराबद्दल विचारतो. मी सांगते, आमचं निळं दार अख्ख्या गल्लीत एकच होतं. पोस्टमन पत्ता वाचायचा नाही, दार बघून पत्र टाकायचा."

"खरंच?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे काय! मला स्वच्छ आठवतंय. पहिल्याच दिवशी ओल्या रंगाला टेकले आणि पाठीवर हा एवढा निळा पट्टा."

ड्रायव्हरनी मान खिडकीकडे वळवली.

वहिनींनी आवाज खाली आणला, म्हणजे तिसऱ्या मजल्याऐवजी फक्त दुसऱ्या मजल्याला ऐकू जाईल इतका. "तुम्हाला म्हणून सांगते बाई, यांचं सुरूच त्या फोटोपासून झालं. मी फोटो घेऊन आले, टांगला, आणि हे म्हणतात, दार निळं नव्हतं. मी म्हटलं, अहो, रंग तुम्हीच सांगून आलात ना स्टुडिओत? बाईंनी तुम्ही सांगितलं तेच रंगवलं असणार, त्यांना काय स्वप्न पडलं? तर म्हणे, मी शेवाळी सांगितला. मुलाला फोनवर विचारलं, तो म्हणाला, आई, हे असंच सुरू होतं. आपण बोललेलं आपल्यालाच आठवत नाही. मग मी लक्ष ठेवायला लागले. आणि लक्ष ठेवलं की काय, रोज काहीतरी सापडतंच. चष्मा विसरले, नळ विसरले, एकदा तर गॅस."

"नळ तू पण विसरतेस," खिडकीकडून आवाज आला.

"माझं वेगळं. माझं लक्ष नसतं."

बाईंच्या मांडीवरच्या पिशवीत ते पाकीट होतं. पिशवी एकदम विटेएवढी जड झाली.

"आता रविवारी मुलगा येतोय," वहिनी पुढे म्हणाल्या. "स्कूटर घेऊन जाणार. सोमवारी यांना डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचं. तसे हे बाहेर जातच नाहीत म्हणा. गेल्या पाच महिन्यांत खाली उतरलेत ते माझ्याबरोबरच."

"तुम्ही स्कूटर द्यायला तयार आहात?" बाईंनी ड्रायव्हरना विचारलं.

ड्रायव्हर वळले. "बाई, चाळीस वर्षं बस चालवली. एकदा वळणावर स्वतःवरचा भरवसा गेला की माणसाने गाडी बाजूला घ्यावी. मागे पन्नास जण बसलेले असतात." ते फोटोकडे पाहत राहिले. "सुरुवातीला मी भांडलो. मग विचार केला, ही म्हणते निळं. मुलगा म्हणतो निळं. फोटोत निळं. एकट्या माझ्याच डोक्यात शेवाळी. मग बिघडलेलं काय असणार?"

खोलीत घड्याळ टिकटिकत होतं. त्यावर चिठ्ठी होती : पाच मिनिटं पुढे आहे.

"तुम्ही आलातच आहात तर एक विचारतो," ड्रायव्हर म्हणाले. "मी तुमच्या स्टुलावर बसलो होतो. तुम्ही मला अर्धा तास छळलंत. दाराबद्दल मी काय सांगितलं होतं? खरं सांगा. निळं असेल तर निळं म्हणा. मी ऐकून घेईन. मला फक्त एकदाच काय ते कळू दे."

बघून या, बोलून येऊ नका. मालकांचा आवाज बाईंच्या कानात बसला होता आणि त्याच्या शेजारी गावभर होईल ते सगळंही. त्यांनी पिशवीत हात घातला, पाकीट काढलं आणि वहिनींच्या हातात दिलं, कारण ते वाचायची खरी गरज वहिनींना होती.

वहिनींनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून पुसला. परत वाचलं.

"शेवाळी लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"यांनी तेच सांगितलं होतं."

"मग तुम्ही निळं का रंगवलंत?"

"मी शेवाळीच रंगवलं," बाई म्हणाल्या. "म्हणजे, मला ते शेवाळी दिसत होतं."

"काहीतरीच! डोळे फुटले होते का तुमचे?"

"हो. तसंच म्हणा."

आता हे समजावायचं कसं? पडदा, भिंग, निळा मळतो, पिवळा विरतो. बाई बोलत गेल्या तशा वहिनींच्या भुवया वर चढत गेल्या. बाईंनी इकडे तिकडे पाहिलं. खिडकीच्या कट्ट्यावर औषधाची रिकामी बाटली होती, तपकिरी काचेची. तिच्यावरही चिठ्ठी : खोकला. बाईंनी चिठ्ठी सोलून काढली आणि बाटली वहिनींपुढे धरली.

"ही डोळ्याला लावा. अशी. दुसरा डोळा मिटा. आता फोटो बघा."

"मला वेडंवाकडं दिसतंय सगळं."

"आकार सोडा. दार कुठल्या रंगाचं आहे?"

वहिनींनी बाटली डोळ्याला चिकटवली, दुर्बिणीतून जहाज शोधावं तशी मान पुढे काढली. मग त्यांच्या तोंडाचा हळूहळू चंबू झाला.

"अगंबाई."

"काय दिसतंय?"

"अगंबाई गं! हेच ते! अहो, हेच ते आपलं दार!" त्यांनी बाटली खाली घेतली. निळं. वर नेली. शेवाळी. खाली. वर. "तळ्याच्या पायऱ्यांसारखं. मी तुम्हाला म्हटलं होतं, हा काय मेला पायऱ्यांचा रंग आणलात! म्हटलं होतं ना मी?"

"म्हटलं होतंस," ड्रायव्हर म्हणाले. "आणि दोन दिवस बोलली नव्हतीस."

वहिनी हसल्या आणि हसता हसताच थांबल्या. बाटली हातात तशीच राहिली. "पण मग तो पट्टा? माझ्या पाठीवरचा निळा पट्टा? तो मला दिसतोय, बाई. आत्तासुद्धा दिसतोय. डोळे मिटले तरी निळाच दिसतोय."

बाईंनी एकतीस वर्षं कागदाला रंग लावला होता. तो कागदावरून निघून माणसाच्या आत जाऊन बसतो, मागे सरकून चाळीस वर्षांपूर्वीच्या पाठीवरसुद्धा लागतो, हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांना लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर लाजेच्या मागोमाग भयंकर नवलही वाटलं.

"म्हणजे हे ठीक आहेत," वहिनी हळूच म्हणाल्या. "आणि बिघडले मी."

"कुणी बिघडलं नाही," ड्रायव्हर उठत म्हणाले. "आण इकडे ती बाटली. मला बघू दे, तुम्ही बायका काय बघताय ते."

त्यांनी बराच वेळ बघितलं. बाटली खाली ठेवली तेव्हा डोळे ओले होते. पण ते म्हणाले, खोकल्याच्या औषधाचा वास झोंबला.

"आणि गॅस?" वहिनींना एकदम आठवलं. "गॅस तर तुम्ही खरंच उघडा ठेवलात."

"गॅस विसरलो. ते माझं. कबूल." त्यांनी बोट वर केलं. "पण दार विसरलो नाही."

"मग रविवारी मुलाला काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. मी बोलेन त्याच्याशी."

"आणि सोमवारचा डॉक्टर?"

"जाऊ की. तपासू दे डोकं, त्याच्या बापाचं काय जातंय? पण मी जाणार. मला नेणार नाही कुणी." मग बाईंकडे वळून, "हे पुसून नीट करता येईल?"

"वाळलेला रंग निघत नाही. नवीन छापून पहिल्यापासून रंगवावा लागेल. फोटोची प्रत आहे आमच्याकडे. उद्या या."

"उद्या कशाला? आत्ता येतो."

वहिनी चपला घालायला निघाल्या, आणि नवऱ्याकडे बघून मध्येच थांबल्या. "मी येऊ का?" त्यांनी विचारलं. त्या घरात हे विचारलं गेल्याला पाच महिने झाले असावेत.

"तू बस. दोन वाजेपर्यंत येतो."

स्टुडिओत मालकांनी दोघांना एकत्र आत येताना पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "बोललात!"

"बोलले."

"आता उरलेल्या दहा जणांकडेही जाणार?"

"एकेकाकडे. कुणाकडे काय झालंय कुणाला ठाऊक? तुम्हाला नाही वाटत बघावंसं?"

मालकांना बघावंसं वाटत नव्हतं. त्यांना पाण्याचा ग्लास हवा होता. तरी त्यांनी फोटो छापायला घेतला आणि छापता छापता विचारलं, "बाई, पण तुमच्या या नव्या डोळ्याचा भरवसा काय? तोही उद्या जुना होईल."

"होईल. म्हणून यापुढे पाकीट तुम्हीपण वाचायचं. फोटो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी."

"झालं. म्हणजे कामही माझ्याच गळ्यात." पण त्यांनी मान हलवली.

मागच्या खोलीत बाईंनी काळा-पांढरा कागद टेबलावर चिकटवला. ड्रायव्हर स्टुलावर बसले. बाईंनी डाव्या डोळ्यावर कापसाची घडी ठेवून चिकटपट्टी लावली आणि काचेच्या तुकड्यावर शेवाळी रंगाचे तीन ठिपके कालवले. एक पिवळ्याकडे झुकलेला, एक काळपट, एक ताजा हिरवा.

"यातला कुठला?"

ड्रायव्हर वाकले. पहिल्याकडे पाहिलं, तिसऱ्याकडे पाहिलं. मग चटकन बाईंच्या चेहऱ्याकडे. तिथून इशारा मिळेल म्हणून ते वाट बघत होते, हे बाईंना कळलं. त्यांनी चेहरा कोरा ठेवला. काड्यांना कापूस गुंडाळायला घेतला, तोही हळूहळू, जसं काही आज दुसरं कामच नाही.

"यातला एकही नाही," बऱ्याच वेळाने ड्रायव्हर म्हणाले.

"बरं."

"थांबा. हिरव्याचा डबा होता माझ्याकडे, पण तो कमी पडला. दार वरून अर्धं झालं आणि डबा संपत आला. दुकान बंद. मग…" त्यांचा उजवा हात हवेत गोल फिरायला लागला, काहीतरी दाट ढवळल्यासारखा. "शेजाऱ्याने खिडकीच्या गजांना लावून उरलेला राखाडी दिला. तो त्यात ओतला. पहिला रंग ओला होता तोवर सगळ्या दारावरून परत एक हात मारला. हे मी हिला कधी सांगितलंच नाही. तिला वाटतं मी मुद्दाम तो रंग आणला." ते थांबले. "मलाही आत्ताच आठवलं."

बाईंनी ताजा हिरवा घेतला, त्यात राखाडी घातला. "किती?"

"अजून."

"हं?"

"अजून थोडा. बास. नाही, एक कण. बास!"

बाईंनी काडी उचलली, दाराच्या वरच्या कोपऱ्यात रंग टेकवला आणि कापसाने पातळ चोळत खाली आणला. कागदावरच्या सावल्या रंगातून वर आल्या. फळ्यांमधल्या भेगा, कडी, तरुण ड्रायव्हरच्या खांद्याची कड. ड्रायव्हर स्टुलावरून उठून टेबलावर ओणवे झाले होते, श्वास कागदाला लागेल इतके.

"बरोबर आहे का हो, बाई?"

"मला काय विचारता?" बाई मान वर न करता म्हणाल्या. "दार तुमचं."

ड्रायव्हरनी आणखी एकदा पाहिलं. घाई केली नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "कडीला मात्र रंग लावू नका. कडी मी पुसून घेतली होती."